अंजनाचा पार

मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. माझे यजमान म्हणायचे, तुझा राग म्हणजे जळगावचा उन्हाळा, होळीला चढतो तो उतरायचं नाव घेत नाही. ते गंमतीनं म्हणायचे आणि मीही हसायचे. ते गेले त्याला पाच वर्षं होतील. आता जो राग माझ्या डोक्यात आहे त्याची थट्टा त्यांनी केली नसती, कारण त्या रागाच्या मुळाशी त्यांचंच नाव आहे, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं. ते नाव मी फोडायला लावलं. गावभर लोक म्हणतात की नवरा गेल्यापासून वहिनींचं डोकं फिरलंय. फिरलेलं आधी होतं, आता ठिकाणावर आलंय, पण हे सांगायचं कोणाला.

पहिल्यापासून सांगते. आमच्या कॉलनीच्या मागं, असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक खडकाळ माळ आहे. जागा सरकारी. एका बाजूनं पावसाळी नाला जातो, बाकी सगळा मुरूम, बाभळी, बोरी, हिवर. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथं लोक घरं पाडल्याचा राडारोडा आणून टाकायचे. माझ्या यजमानांनी, त्यांचे मित्र नानांनी आणि कॉलनीतल्या आठ-दहा जणांनी मिळून एक मंडळ काढलं, अर्ज-विनंत्या केल्या आणि ती जागा सांभाळायला मागून घेतली. सांभाळायला म्हणजे फुकट, रविवारचं श्रमदान करून. राडारोडा उचलला, कुंपण घातलं, नाल्यावर दगडी बांध घातले. झाडं लावली, त्यातली निम्मी मेली, पुन्हा लावली. आज तिथं सकाळी फिरायला माणसं येतात, मोर येतात, शाळेच्या सहली येतात. आम्ही त्याला रान म्हणतो. मंडळाचं लांबलचक नोंदणीकृत नाव आहे, पण ते फक्त पावतीपुस्तकावर असतं.

त्या माळावर आम्ही जायच्या आधीपासून उभं असलेलं मोठं झाड एकच होतं, एक अंजन. आमच्या खानदेशात अंजन नवा नाही, सातपुड्याच्या पायथ्याला तो हवा तितका आहे. पण शहराच्या इतक्या जवळ एवढा जुना अंजन दुसरा मला माहीत नाही. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. होळीच्या सुमारास पानं गाळायचा आणि चैत्रात, बाकी सगळं होरपळत असताना, तांबूस पालवीनं भरून जायचा. खडकातून बाहेर आलेल्या त्याच्या मुळांवर बसून माझे यजमान रविवारी हजेरी घ्यायचे. कोण आलं, कोण नाही, कोणी उशीर केला. उशीर करणाऱ्याला दोन जास्तीच्या झाडांना पाणी घालायला लागायचं. त्यांना स्वतःला उशीर झाला की ते चार झाडांना घालायचे.

रानाची रोजची देखभाल करायला मंडळानं एक बाई ठेवली होती. ती चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातली. तरुणपणीच नवरा गेलेला, एक मुलगी पदरात. फाटकाजवळ पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिथंच मायलेकी राहायच्या. सकाळी फाटक उघडायचं, बकऱ्या हाकलायच्या, गवत कापायचं आणि उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायचं हे तिचं काम. झाडाला पाणी हवंय की नाही हे ती पायाचा अंगठा मातीत रुतवून बघायची. आम्ही शहाणी माणसं पुस्तकं वाचून, तक्ता लावून पाणी घालायचो आणि झाडं मारायचो. तिच्या हातचं झाड सहसा मेलं नाही. मी मंडळाची सचिव, त्यामुळं तिच्याशी बोलणं माझंच जास्त. ती मला अक्का म्हणायची.

यजमान गेले तेव्हा शोकसभा अंजनाखाली झाली. नाना उठून बोलले. नाना यजमानांचे शाळेपासूनचे मित्र, सगळं आयुष्य पूल, रस्ते आणि शाळांच्या इमारती बांधण्यात गेलेलं. ते म्हणाले, आमचा मित्र या झाडाच्या मुळांवर बसायचा, आता त्याच्या नावानं इथं एक छान पार बांधू, म्हणजे म्हातारीकोतारी माणसं टेकतील आणि त्याची आठवण राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. ग्रॅनाइट मी स्वतः निवडला. दुकानदार तपकिरी दाखवत होता, मी म्हटलं काळाच द्या, त्यावर अक्षरं उठून दिसतात.

नानांनी ते काम मनापासून केलं, हे मला आज रागातसुद्धा कबूल करावं लागतं. पायाचे दगड स्वतः निवडले, गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले. बुंध्याभोवती कमरेइतका उंच गोल चौथरा, आत मुरूम आणि माती ठासून भरलेली, वरून काँक्रीट, त्यावर फरशी. गवंड्यानं बुंध्याभोवती चार बोटं जागा सोडली होती. नानांना ती पटली नाही. तिथं कचरा साचेल, मुंग्या होतील, असं म्हणून त्यांनी तीही सिमेंटनं भरून घेतली. पूल बांधणारा माणूस फट ठेवत नाही.

भराव चालू होता तेव्हा एका सकाळी बाई माझ्याकडे आली. टोपल्यांनी मुरूम पडत होता आणि यजमान ज्या मुळांवर बसायचे ती दिसेनाशी होत चालली होती. ती म्हणाली, "अक्का, झाडना पाय बुजू नका. त्याले दम लागी."

तिच्या पाड्यात अंजनाभोवती कोणी माती चढवत नाही, चढवली की झाड दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग मरतं, असं ती पुढं सांगत होती. मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी ग्रॅनाइट होता, सोनेरी अक्षरं होती, आणि कोणीतरी माझ्या नवऱ्याच्या आठवणीत खोडा घालतंय असं मला वाटलं. मी म्हटलं, "तू पाणी घाल. बांधकामाचं नाना बघतील." ती पाइप उचलून निघून गेली. एवढंच झालं. माणसाच्या हातून जो मोठा गुन्हा होतो त्याला बहुतेक वेळा एवढाच वेळ लागतो.

उद्‌घाटनाला थंडीचे दिवस होते, म्हणून भरीत पार्टी केली. आमच्याकडे थंडीत आनंद साजरा करायचा म्हणजे भरीतच, दुसरं काही सुचत नाही. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, पुऱ्या, मिरच्यांचा ठेचा. असोद्याहून एका सभासदानं केळीची पानं आणली. मी नारळ फोडला. दगडावर त्यांचं नाव बघून मला रडू आलं, बायकांनी मला धरलं, फोटो निघाले. बाई वांगी सोलायला बसली होती. एकाही फोटोत ती नाही, हे मी नंतर मुद्दाम शोधून पाहिलं.

आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं की ग्रॅनाइटवर सिमेंटचे पांढरे डाग राहिलेत, नेमके नावावर. मी नानांकडे कुरकुर केली. ते दुसऱ्याच दिवशी फरशी साफ करायच्या ॲसिडची, तळाशी थोडंच उरलेली बाटली घेऊन आले, दोन थेंब फडक्यावर घेऊन स्वतः दगड पुसला आणि उरलेली बाटली बाईकडे ठेवायला दिली. हे माझ्यासमोर घडलं. हे लक्षात ठेवा.

पहिल्या वर्षी अंजनाला पालवी आली. दुसऱ्या वर्षी आली ती विरळ, आणि नाल्याच्या बाजूच्या फांद्या उघड्याच राहिल्या. आम्ही म्हटलं पाऊस कमी झाला असेल. बाईला जास्त पाणी घालायला सांगितलं. ती म्हणाली की पाणी फरशीवरून वाहून जातं, मुळापर्यंत जातच नाही, तरी ती रोज घालत होती. तिसऱ्या वर्षी चैत्र आला आणि गेला. बाकीच्या झाडांवर फुटवे आले, पळस लाल होऊन झडलासुद्धा. अंजनावर काहीच नाही. एका माणसानं फांदी वाकवली तर ती काडकन मोडली. फिरायला येणारी माणसं विचारायला लागली. झाड वाचवणाऱ्या मंडळाचं सगळ्यात मोठं झाड मेलं, ही गोष्ट गावात बोलायला सगळ्यांना मजा वाटणारच.

वैशाखात मंडळाची बैठक झाली. आमच्या बैठकांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मतदान होत नाही. नाना विषय मांडतात, दोघं-तिघं बोलतात, मग नाना म्हणतात, "मग ठरलं तर," आणि मी इतिवृत्तात लिहिते, सर्वानुमते. पंधरा वर्षांच्या वहीत दुसरा शब्द सापडणार नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. भांडणारी मंडळं फुटतात, आम्ही कसे एकदिलानं राहतो, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. खरं तर ज्याला काही म्हणायचं असे तो घरी जाऊन बायकोला सांगत असे.

त्या दिवशी नाना म्हणाले की झाड कशामुळं गेलं याचा विचार त्यांनी केला आहे. मोटारीच्या खोलीत त्यांना ॲसिडची बाटली सापडली, जवळपास रिकामी. बाई पार धुताना ते वापरत असणार, पाणी बुंध्यापाशी मुरत असणार, अडाणी माणूस, मुद्दाम केलं असं आपण म्हणत नाही, पण एवढं जुनं झाड गेलं, आता तिला ठेवणं बरं दिसत नाही. एकानं सांगितलं की तो तिला पार धुताना रोज पाहायचा. धूत होतीच, नाव चकचकीत राहावं म्हणून मीच सांगितलं होतं, साध्या पाण्यानं.

बाईला बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली. नानांनी विचारलं. तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा ती म्हणाली, "मी काय करं?" आणि माझ्याकडे पाहिलं.

मला सगळं आठवलं. बाटली कोणी आणली, कशासाठी आणली, फडकं कोणाच्या हातात होतं. आठवलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. माझं पेन थांबलं. नाना हळू आवाजात म्हणाले, वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्ही फक्त लिहा. सगळे माझ्याकडे कणवेनं बघत होते. त्या कणवेत बसणं किती ऊबदार असतं हे विधवेलाच कळेल. मी लिहिलं. निष्काळजीपणामुळे झाडाचे नुकसान झाल्याने सेवेतून कमी करण्यात आले. सर्वानुमते. माझं अक्षर फार सुंदर आहे, सगळे म्हणतात.

दोन दिवसांत खोली रिकामी झाली. मुलगी त्या वर्षी दहावीत जाणार होती, तिला मामाकडे एरंडोलला ठेवलं. बाईनं कॉलनीत धुण्या-भांड्याची कामं शोधली, पण तोवर झाड मारणारी बाई म्हणून तिची ख्याती पोचली होती. झाडाला ॲसिड घालते, घरात काय घालेल, असं एका सुशिक्षित बाईनं माझ्याच समोर म्हटलं. मी त्यावर गप्प राहिले. ती शेवटी असोद्याला केळीच्या पॅकिंगवर लागली, फण्या धुऊन खोक्यात भरायच्या कामावर. हाताची कातडी चिकानं काळी होते त्या कामात.

दिवाळी झाली. पाराच्या मधोमध वाळलेलं झाड आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचं नाव, हे दृश्य मला बघवेना. निदान त्याच्या शेजारी अंजनाचंच रोप लावावं म्हणून मी धुळ्याच्या, मंडळाच्या ओळखीतल्या एका निवृत्त वनपालांना फोन केला. आयुष्यभर जंगलात फिरलेला माणूस, मोजकं बोलणारा. ते एका सकाळी रोपं घेऊन एसटीनं आले. झाड बघितलं, पाराभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे पहार मागितली. बुंध्याला टेकलेली फरशी त्यांनी उचकटली, खालचं काँक्रीट ठोकून काढलं, मूठभर माती उपसली. आतली साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. वास आला, कुजका.

मी त्यांना ॲसिडचं सांगितलं. ते म्हणाले, "ॲसिडचा काही संबंध नाही. हे गुदमरून मेलंय. आणि हे मी तुमच्या नानांना होळीच्या आधीच सांगितलं होतं, त्यांनी फोटो पाठवले होते तेव्हा."

होळीच्या आधी. बैठक वैशाखात.

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तशीच नानांकडे गेले. ते ओसरीवर पेपर वाचत होते, वहिनी या म्हणाले, आत चहाचं सांगितलं. मी उभ्या उभ्याच विचारलं की तुम्हाला माहीत होतं का. नानांनी चष्मा काढला. खोटं बोलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, एवढं त्यांचं खरं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्याच्या नावाचा पार आणि त्या पारानंच झाड मेलं, हे मी कुठल्या तोंडानं तुम्हाला सांगणार होतो. लोकांना काहीतरी कारण तर द्यायलाच हवं होतं. बाईचं काय, तिला दुसरीकडे काम मिळणारच होतं, ती कष्टाळू आहे. मंडळातल्या आणखी दोघांना हे ठाऊक होतं, त्यांचंही हेच मत पडलं. सगळं तुमच्यासाठी केलं, वहिनी.

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आपल्यात म्हण आहे. इथं तर चोराचं मन दुखू नये म्हणून संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोर कोण, तर मी. मला माझ्या अंगावरच्या त्या सगळ्या दयेची शिसारी आली. मी विधवा, म्हणून मला सत्य सोसणार नाही. आणि ती? तीही विधवाच होती. तिला वाईट वाटेल हे एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही. माझं दुःख जपायचं, त्याला ग्रॅनाइट लावायचा. तिचं दुःख मोटारीच्या खोलीतून बोचक्यासकट बाहेर. हे मी नानांना याहून वाईट शब्दांत सांगितलं. आतून चहा आला तो तसाच राहिला. नाना पुन्हा पुन्हा म्हणत होते की वहिनी, तुम्ही शांत व्हा. मला शांत व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तोच गवंडी बोलावला आणि पार फोडायला सांगितला. तो नावाच्या दगडाला हात लावेना, पाप लागेल म्हणाला. मी म्हटलं, त्या दगडापासूनच सुरुवात कर. पहिला घण मी मारला, दगडाला काही झालं नाही, माझा खांदा मात्र चार दिवस धरला. मग त्यानं मारला. तासाभरात मंडळाचे पाच-सहा जण जमले. कोणी माझा हात धरत होतं, कोणी पाणी आणत होतं. मोबाइलवरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की वहिनींची मनःस्थिती ठीक नाही, सर्वांनी सांभाळून घ्यावे. त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली.

मुळं मोकळी झाली. काळी, मेलेली. उशीर झाला होता हे मला माहीत होतं. झाडासाठी झाला होता, बाईसाठी झाला नव्हता, असं मी मनाशी म्हणत होते.

असोद्याला गेले. पॅकिंगच्या शेडमध्ये ती हौदाजवळ उभी राहून केळीच्या फण्या धूत होती. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत. मी सगळं सांगितलं, वनपाल, पार, नाना. परत ये म्हटलं. खोली आहे, काम आहे, मुलीला परत आणू. आणि माझं चुकलं, असंही म्हटलं. हौदाचं पाणी वाहत होतं, शेजारच्या बाया कान देऊन ऐकत होत्या. तिनं हातातली फणी खोक्यात ठेवली. मग म्हणाली, "माले बठ्ठास्ना समोर काढं. तसंच बठ्ठास्ना समोर सांगा."

सगळ्यांसमोर सांगा, याशिवाय तिनं दुसरं काहीच मागितलं नाही. मी म्हटलं, येत्या रविवारी ये, मी सांगते.

रविवारी मंडळाची झाडून सगळी माणसं आली होती, माझी मनःस्थिती बघायला असणार. बाई आली, पण आत आली नाही. फाटकाशी उभी राहिली. श्रमदान झालं, पोह्यांचं पातेलं उघडलं, आणि वाढायच्या आधी मी उभी राहिले. मी रात्रभर मनात जुळवलं होतं. मी म्हटलं की हे झाड पारानं मारलं. तो पार माझ्या नवऱ्याच्या नावाचा होता आणि मला तो हवा होता. मला माझ्या दुःखापुढं झाड दिसलं नाही. मी आंधळी झाले होते. ही चूक माझी आहे, मी ती सगळ्यांसमोर कबूल करते आणि या रानाची क्षमा मागते. बोलता बोलता माझा आवाज भरून आला. मला वाटलं, मी चांगलं बोलले.

आणि टाळ्या वाजल्या. आधी एक, मग सगळ्यांच्या. नाना डोळे पुसत होते. मंडळातल्या एका बाईनं मला मिठी मारली. कोणीतरी म्हणालं की वहिनींचं मन किती मोठं, असं कबूल करायला छाती लागते. कोणी फोटो काढला. मी त्या टाळ्यांमध्ये उभी होते आणि मला, सांगायला लाज वाटते, हलकं वाटत होतं. ओझं उतरलं असं वाटत होतं. मी तशीच, डोळे पुसत, फाटकापाशी गेले. मला वाटलं आता ती हसेल, आत येईल.

ती हसली नाही. म्हणाली, "टाळ्या तुम्हले वाजन्यात, अक्का. मन्हं नाव कोनी लिधं का?"

मी तिच्यापुढं उभी राहिले आणि आत्ताच केलेलं माझं भाषण पुन्हा डोक्यात फिरवलं. मी, माझा, माझं, मला. माझा नवरा, माझं दुःख, माझी चूक. झाडाची क्षमा मागितली, रानाची मागितली. तिचं नाव कुठंच नाही. जिच्यासाठी उभी राहिले होते तिला मी सोयीस्कर विसरले होते, आणि मला आठवण करून द्यायला त्या पन्नास माणसांतून एक जण उठला नव्हता. त्यांना टाळ्या वाजवायला तेवढं पुरलं होतं. स्वतःचा एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी परत फिरले. पोहे वाढणं सुरू झालं होतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, जरा आपटूनच, आणि सगळे वळले. या वेळी जुळवलेलं काही नव्हतं. मी बाईचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या बापाच्या नावासकट. म्हटलं, ॲसिड नानांनी आणलं होतं, माझ्या सांगण्यावरून, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हिनं झाडाला काही केलं नाही. पार बांधू नका असं सांगणारी ही एकटी होती आणि मी तिला गप्प केलं. झाड कशानं मेलं हे नानांना आणि इथल्या दोघांना माहीत होतं, तरी आपण हिच्यावर खोटा आळ घेतला, हिला घराबाहेर काढलं, हिच्या मुलीची इथली शाळा मोडली. ते मी माझ्या हातानं वहीत लिहिलं. खोटं लिहिलं.

कोणी टाळी वाजवली नाही. एकानं बशी खाली ठेवली. मघाशी मिठी मारणारी बाई दुसरीकडे बघायला लागली. नाना म्हणाले, "वहिनी, हे आता सगळ्यांसमोर कशाला?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. दोन-तीन माणसं पोहे न खाता निघून गेली, फाटकातून जाताना त्यांनी बाईकडे पाहिलं नाही.

ती तिथंच होती. सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेले आणि विचारलं की आता येशील ना परत. तिनं आत पाहिलं, नाल्याकाठच्या तिनं वाढवलेल्या झाडांकडे. पाऊस संपल्यापासून त्यांना कोणी नीट पाणी घातलेलं नव्हतं, पानं लोंबली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला आशा वाटली.

"मन्हा जीव झाडेसवर शे, अक्का," ती म्हणाली. "तुम्हनावर नही."

असोद्याची रिक्षा आली. तिनं हात करून ती थांबवली आणि बसून निघून गेली.